पांढरी बाजू

हाकोसला रस्त्यानं आलात
तर गाव तुम्हाला पाठमोरं भेटेल.
ओळीनं तांबड्या भिंती,
माशाच्या तेलात गेरू कालवून रंगवलेल्या.
सरपणाची रास, मोडकी बर्फगाडी,
दोरीवर एकच हातमोजा.

पांढरा रंग महाग. तो फक्त पुढच्या भिंतीला,
आणि पुढचं म्हणजे नदीकडचं.
पाहुणा नदीनं यायचा,
पाद्री नदीनं, मीठ नदीनं,
एका साली देवीची साथसुद्धा नदीनंच आली.
तिलाही आधी पांढरी भिंतच दिसली असणार.

मग रस्ता झाला, मागून.
कुणी घर फिरवलं नाही.

मे महिन्यात बर्फ फुटायचा तोफेसारखा
आणि वरच्या रानातून ओंडके सुटायचे.
इतके, की एम्ब्रेतचा आजा म्हणे
पाय न भिजवता पैलतीरी लग्नाला गेला.
परत येताना मात्र गळ्यापर्यंत भिजला होता.
का, ते आजीला माहीत होतं.

प्रत्येक ओंडक्यावर कुऱ्हाडीची खूण:
दोन रेघा नि फुली, ब्रोतेनचं शेत.
कावळ्याचा पाय, विधवा गुन्वोर.
ज्यांना बायबल वाचता येत नव्हतं
त्यांनाही ही लिपी यायची.
लांब आकड्या घेऊन ते उभे राहायचे
गार पाण्यात, मांडीपर्यंत,
आणि ज्याचं त्याला लावून द्यायचे.

सिग्वार्त चौदा वर्षांचा होता.
पाय घसरला, आणि वर लाकूड मिटलं,
दार ओढून घ्यावं तसं.
त्या दिवशी गिरणीचा भोंगा वाजला नाही.
त्याची आई पुढं एकेचाळीस वर्षं जगली,
आणि त्या दिवसाबद्दल एवढंच बोलली:
भोंगा वाजवला नाही त्यांनी.

नंतर कागदाचा कारखाना आला.
कुजक्या कोबीचा वास घरभर, उशीतसुद्धा.
पैशाचा वास, म्हणायचे.
आता तोही नाही. धुराड्यात कावळे,
आणि काही म्हातारे अजून
दार उघडून एकदा हुंगतात.

इथे कुणाला विचारा, कसं काय?
वाईट नाही.
सून कशी आहे? वाईट नाही.
आणि गळाला लागलेला
हातभर लांबीचा सामन मासा
उन्हात चांदीसारखा तळपत असतो तेव्हा
थोडं थांबून, नीट बघून:
वाईट नाही.

दुकानाच्या भिंतीवर पुरांच्या चार रेघा.
ओदवेग दर वसंतात तीन घासून पुसते.
चौथीला तिचा हात पोचत नाही,
आणि स्टूल ती घेत नाही.
पाणी गेलं तिथवर मी कशाला जाऊ, म्हणते.

एकदा शहरातून एक बाई आली, नकाशे घेऊन.
म्हणाली, पर्यटक रस्त्यानं येतात,
मागची बाजू पांढरी करूया, खर्च सरकारचा.
सभा अकरा मिनिटं चालली.
कॉफी दीड तास.
एम्ब्रेत म्हणाला, रस्ता नवीन आहे अजून,
टिकतो का ते बघू.
रस्ता नव्वद वर्षांचा.

गेल्या मे महिन्यात
वळणावरच्या डोहातून एक ओंडका वर आला.
लाकडं वाहणं थांबून पन्नास वर्षं झाली असतील.
काळा, म्हशीच्या पाठीसारखा, निथळता.
एम्ब्रेतनं आजाची आकडी काढली माळ्यावरून,
एकट्यानं ओढला काठाला,
शेवाळ खरवडलं अंगठ्यानं:
दोन रेघा नि फुली.

ब्रोतेनचे लोक कधीच अमेरिकेला गेले.
चुलीतून बर्च उगवून आता छपराएवढा झालाय.
तरी दुकानाच्या फळीवर चिठ्ठी लागली:
आलाय. घेऊन जावा.

एक सुतार आला, बऱ्यापैकी भाव देत होता.
माझा नाही, एम्ब्रेत म्हणाला.
मग कुणाचा?
एम्ब्रेतनं खुणेकडे बोट दाखवलं.

पडून आहे अजून, नदीकडच्या अंगाला,
पांढऱ्या भिंतींच्या समोर.
संध्याकाळी लोक येतात. त्यावर सहसा बसत नाहीत.
बसलेच तर अगदी टोकाला,
परक्याच्या घरी बसतात तसे.